गोटीवाला माउस

गेल्या वेळी वायफायच्या डब्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर तुमचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी. मध्येच घरातलं एक प्रकरण निघालं, ते आधी सांगून टाकतो. तुमच्यापैकी बरेच जण दिवसाचे आठ-दहा तास कॉम्प्युटरसमोर असता, म्हणून थोडं सविस्तर सांगणार आहे.

भाचीचा मेसेज आला, "मामा, तुमचा तो गोटीवाला माउस परत घेऊन जा. कर्सर अडकतो. मी साधा माउस आणला."

गोटीवाला माउस म्हणजे ट्रॅकबॉल. साधा माउस टेबलावर फिरवावा लागतो. हा एका जागी बसून राहतो, वर एक गोळा असतो, तो बोटांनी किंवा अंगठ्यानं फिरवला की पडद्यावरचा बाण हलतो. माझ्याकडचा जुना ट्रॅकबॉल मी गेल्या वर्षी तिला दिला होता. घरात त्याला कोणी ट्रॅकबॉल म्हणत नाही. तिच्या धाकट्या भावानं पहिल्याच दिवशी "गोटीवाला" म्हटलं आणि तेच नाव पडलं.

भाची तेवीस वर्षांची. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते. जे सुरतेत राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साडीवर मशीननं भरतकाम करायचं तर आधी कॉम्प्युटरवर प्रत्येक पान, प्रत्येक बुट्टा टाक्यांच्या भाषेत लिहावा लागतो. चित्राच्या कडेकडेनं एकेक टोचा देत जायचं. कोपरा असेल तर डावं बटण, वळण असेल तर उजवं. बॉर्डर, बुट्टा, पल्लू, ब्लाउजपीस धरून एका साडीला हजारो टोचे होतात. पैसे डिझाईनमागे मिळतात, महिन्याचा पगार नाही. हात थांबला की पैसे थांबले.

त्या रविवारी मी बमरोली रोडवरून चालतच ताईकडे गेलो. ताईचं घर वरच्या मजल्यावर आहे. खाली शेजाऱ्यांचं एम्ब्रॉयडरीचं खातं आहे, त्यामुळे जिन्यापासूनच मशीनचा खडखडाट आणि हवेत दोऱ्याचा रुवा. वरून आमच्या पांडेसऱ्याच्या चिमण्यांची काजळी आहेच. गच्चीवर सकाळी पुसलेली खुर्ची संध्याकाळी पुन्हा पुसावी लागते, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

ताईनं चहा आणला. भाचीनं कप डाव्या हातानं उचलला. ती डावरी नाही. मी काही बोललो नाही, नुसता बघत बसलो. बोलता बोलता ती उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून दाबत होती. ही खूण मी ओळखतो, कारण काही वर्षांपूर्वी मीही तेच करत होतो.

"हात दुखतो का गं?"

"नाही मामा. थोडं काम जास्त झालं."

मग ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय व्हयनं तुना हातले?" आणि भाची गप्प झाली. आईनं अहिराणीत विचारलं की आमच्या घरात खोटं बोलता येत नाही.

तीन महिन्यांपासून अंगठ्याच्या बुडाशी दुखत होतं. पोळी लाटताना, बाटलीचं झाकण उघडताना कळ यायची. त्याच्या आधीपासून रात्री बोटांना मुंग्या येत होत्या, झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीचा सीझन तोंडावर होता, रिंग रोडच्या व्यापाऱ्याचं काम हातात होतं, आणि दुसरं एक कारण होतं ते पुढे सांगतो.

मी ट्रॅकबॉल हातात घेतला. आधी साफ न करताच गोळा फिरवून पाहिला. अंगठा लावला तर हलेना. जरा जोर दिला तर एकदम सुटला आणि बाण हव्या त्या जागेच्या पुढे गेला. परत मागे आणायचा तर पुन्हा तेच, आधी अडकणं, मग उडी. मोठ्या हालचालीला हे जाणवत नाही. पण पंचिंगमध्ये बाण केसाएवढा सरकवायचा असतो, आणि नेमकी तिथंच गोटी चिकटते. म्हणजे एका टोच्याला दोनदा-तीनदा अंगठा दाबायचा. हे दिवसभर, आणि असं तीन महिने.

यंत्र उलटं केलं. खाली एक भोक असतं. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्यातून हलकेच ढकललं की गोळा वर येतो. गोळा काढला आणि ताईला दाखवलं. आतल्या वाटीत तीन बारीक खडे असतात, गोळा त्या तीन खड्यांवरच टेकलेला असतो, बाकी कुठंच नाही. त्या तिन्ही खड्यांवर मोहरीएवढे गठ्ठे बसले होते. वरून राखाडी, आतून गुलाबी. त्या वेळी खालच्या खात्यात गुलाबी दोरा चालला होता.

"वर्षभरात कधी काढला होता हा?"

"हा निघतो?" भाची म्हणाली.

चूक तिची नव्हती. मी तिला यंत्र दिलं, "याच्यानं हात दुखत नाही" एवढंच सांगितलं आणि मामेपणा मिरवून घरी आलो. गोळा निघतो, आत कचरा साचतो, तो आठवड्याला काढायचा असतो, हे मी सांगितलंच नाही. मला ते इतकं सवयीचं झालं आहे की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. हात वाचावा म्हणून दिलेली वस्तू तिच्या अंगठ्याला त्रास देत होती.

माझ्या स्वतःच्या हाताची गोष्ट इथं सांगायला हवी. मी पांडेसरा जीआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसच्या डिझाईन रूममध्ये लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. साडीच्या डिझाईनमध्ये जितके रंग, तितक्या पारदर्शक फिल्म. प्रत्येक फिल्मवर त्या एकाच रंगाचा भाग ब्रशनं काळ्या शाईत भरायचा, मग त्यावरून स्क्रीन बनायची. याला आम्ही ट्रेसिंग म्हणायचो. सहा रंगांचं फूल म्हणजे तेच फूल सहा वेळा. मान दुखायची, डोळे दुखायचे, पण हात दुखल्याचं आठवत नाही, कारण ब्रश धरलेला हात सतत जागा बदलतो. पुढे फोटोशॉप आलं, तेच रंग वेगळे करायचं काम पडद्यावर आलं, आणि हात एकाच प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एकाच आकारात जखडला. दहा-बारा वर्षांत व्हायचं ते झालं.

मला मुंग्या आल्या त्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात. करंगळी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी त्यावरूनच ओळखलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. दोऱ्या सुजल्या की तंतू दाबला जातो. त्याच्या हद्दीतली बोटं बधिरतात. करंगळीचा तंतू दुसऱ्या वाटेनं जातो, म्हणून ती वाचते. रात्री मनगट सरळ राहावं म्हणून पट्टा दिला आणि माउस कमी करा म्हणाले. डिझाइनरला माउस कमी करा सांगणं म्हणजे ड्रायव्हरला स्टिअरिंग कमी धरा सांगणं.

तेव्हा मला सोनोग्राफीची खोली आठवली. मुलीच्या वेळी बायकोबरोबर गेलो होतो. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी, काळोख, आणि पडद्यावर धुरकट काहीतरी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांचे हात बघत होतो. उजव्या हातात पोटावर फिरवायचं यंत्र, आणि डावा हात मशीनवर, एका गोळ्यावर. गोळा फिरतोय, पडद्यावर फुलीची खूण सरकतेय, बाळाच्या डोक्याच्या एका कडेला एक खूण, दुसऱ्या कडेला दुसरी, की डोक्याचं माप आलं. मनगट जागचं हललं नाही. हे मनात कुठंतरी राहिलं होतं. पुढे सोनोग्राफीला कोणाबरोबर गेलात तर बघा, बहुतेक मशीनवर तो गोळा दिसेल. तिथं माउस फिरवायला जागा नसते आणि दुसरा हात अडकलेला असतो.

ही वस्तू नवी नाही, हेही तेव्हाच वाचून कळलं. माउसपेक्षा गोटी जुनी आहे. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी १९४६ च्या सुमारास रडारच्या पडद्यासाठी असा गोळा बनवला. १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या डेटार नावाच्या प्रकल्पात तर चक्क तिकडच्या एका बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. दोन्ही लष्करी गुपितं, त्यामुळे बाहेर कोणाला पत्ता नाही. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी माउस १९६४ चा, आणि लोकांनी तो पाहिला १९६८ च्या डिसेंबरात. पुढे माउसच्या पोटात रबरी गोळा आला, म्हणजे ट्रॅकबॉलच उलटा करून टेबलावर ठेवला. चाळिशीतल्या वाचकांना तो आठवत असेल. कॉम्प्युटर क्लासमधून ते गोळे चोरीला जायचे आणि सर वैतागायचे. त्याच्या आतल्या रोलरवर बसलेली मळाची पट्टी आम्ही नखानं सोलून काढायचो. लाइटवाला माउस आला आणि ते काम संपलं. ट्रॅकबॉलमध्ये मात्र गोळा राहिला, म्हणून मळही राहिला.

आता साफसफाई. ही मी त्या रविवारी भाचीकडून करून घेतली, स्वतः हात लावला नाही.

आधी वायर काढा, बिनवायरचा असेल तर बटण बंद. गोळा भोकातून ढकलून काढा. काही मॉडेलना भोक नसतं, तिथं यंत्र तळहातावर उलटं केलं की गोळा आपोआप पडतो. खाली रुमाल पसरा, नाहीतर गोळा पलंगाखाली जातो आणि मग घरभर शोधाशोध. खड्यांवरचे गठ्ठे कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं काढा. घट्ट बसले असतील तर लाकडी दातकोरणं चालेल. सुई, पिन, ब्लेड चालणार नाही. हे खडे काही यंत्रांत कृत्रिम माणकाचे असतात, काहींत सिरॅमिकचे. ताईला माणिक म्हटल्यावर एकदम रस वाटला. "अंगठीत बसेल का?" तिला म्हटलं, ते कारखान्यात बनवलेलं माणिक आहे, घड्याळातही तेच वापरतात, आणि एवढंसं आहे की अंगठीत भिंगानं शोधावं लागेल. खडा स्वतः कडक असतो, सुईनं त्याला काही होत नाही, पण सुई घसरली की शेजारच्या काचेवर ओरखडा जातो. ती काच महत्त्वाची.

वाटीत एक छोटी खिडकी दिसते. तिच्यामागे कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो. गोळ्यावर बारीक ठिपके किंवा चमचम असते ती शोभेची नाही. सेन्सर त्या ठिपक्यांचे सेकंदाला असंख्य फोटो काढतो आणि ठिपके कुठं सरकले त्यावरून बाण कुठं न्यायचा ते ठरवतो. म्हणून दुसरा कुठलाही त्याच मापाचा गोळा बसवून चालत नाही. भाच्यानं एकदा हरवलेल्या गोळ्याच्या जागी खरीच काचेची गोटी बसवून पाहिली होती. बाण ढिम्म. खिडकीवर रुवा असेल तर बाण उड्या मारतो, खड्यांवर मळ असेल तर बाण अडकतो. दोन तक्रारी वेगळ्या, कारणं वेगळी. खिडकीवर नुसती फुंकर घाला, किंवा कोरडा कापूस अलगद फिरवा.

गोळा मऊ सुती कापडानं पुसा. फार कळकट असेल तर सौम्य साबणाचं पाणी आणि मग पूर्ण कोरडा. डिझाईन रूममध्ये थिनरची बाटली हाताशी असते आणि आपल्याला प्रत्येक डाग थिनरनं काढायची सवय असते. इथं नको, प्लॅस्टिक आणि गोळ्याची चकाकी दोन्ही जातील. दुसरी आपल्या लोकांची सवय तेलाची. काहीही अडकलं की खोबरेल, नाहीतर शिलाई मशीनचं तेल. तेल घातलं तर तासभर लोण्यासारखं चालेल, आणि मग सगळ्या खात्याचा रुवा तिथं येऊन बसेल.

एक गंमत मात्र खरी आहे. धुतलेला गोळा सुरुवातीला कोरडा, घट्ट वाटतो. आपल्या कातडीचं अगदी थोडं तेल त्याला लागतं. ट्रॅकबॉल वापरणारे जुने लोक गोळा नाकाच्या शेंड्यावर घासून परत बसवतात. मी घासून दाखवलं तेव्हा भाची "शी, मामा!" म्हणाली. मग मी खोलीबाहेर गेल्यावर तिनं घासला, हे भाच्यानं मला लगेच सांगितलं.

साफ करून गोळा बसवला आणि तिला म्हटलं, आता डाव्या हाताच्या एका बोटानं हलव. गोळा हलका टिचकी मारल्यासारखा फिरला. ती गप्प बसून थोडा वेळ नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, "हा असा होता?"

आमच्यासारख्या रुव्याच्या वस्तीत हे दर रविवारी करावं लागतं. तुम्ही एसी ऑफिसात असाल तर महिन्यातून एकदा पुरे. पण तारीख बघू नका, अंगठा बघा. जोर लावावा लागला की त्याच दिवशी गोळा काढा.

साफसफाईनं सगळं सुटलं असं मात्र नाही, आणि माझी दुसरी चूक इथं आहे. ट्रॅकबॉल दोन जातींचे असतात. एकात गोळा बाजूला, अंगठ्याखाली असतो. दुसऱ्यात मोठा गोळा मधोमध असतो, तो दोन-तीन बोटांनी फिरवायचा. अंगठ्याचा शिकायला सोपा, घेताक्षणी जमतो, म्हणून तोच जास्त खपतो. पण त्यात मनगटाची सगळी मजुरी एकट्या अंगठ्यावर येते. अंगठ्याच्या बुडाशी ज्या दोऱ्या आहेत त्या सुजण्याचं वेगळं दुखणं आहे. ते मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करणाऱ्यांनाही होतं, बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही होतं. मला अंगठ्याचा पटला नाही म्हणून मी बोटांचा घेतला होता, आणि मला न पटलेलाच भाचीला दिला. घरातली जुनी वस्तू धाकट्यांना देताना आपण एवढा विचार करत नाही.

माझं आताचं मत सांगतो. दिवसभर बारीक काम असेल तर मधल्या गोळ्याचा घ्या. तो दोन्ही हातांना चालतो. उजवा थकला की डाव्याला द्या, विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल करायची सोय आहे. त्याची एक अडचण म्हणजे बटण दाबून धरत गोळा फिरवणं. बोटं गुंततात. त्यासाठी विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये क्लिकलॉक नावाची खूण आहे. ती लावली की बटण क्षणभर दाबून सोडलं तरी दाबलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. फार लोकांना ती माहीत नाही. बाणाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा, आठवड्यानं वाढवा. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, काम निम्म्यावर येतं. म्हणून सीझनच्या तोंडावर सुरू करू नका. आणि गोळा उंच असतो, त्यावर हात ठेवताना मनगट वर वाकतं, ते पुन्हा त्या बोगद्यालाच वाईट. तळहाताखाली चार घड्या घातलेला पंचा ठेवा किंवा खुर्ची थोडी उंच घ्या. हातानं फूल काढायचं असेल, रेघेला जाड-बारीक वळण हवं असेल, तर ट्रॅकबॉल बिनकामाचा, तिथं पेन टॅब्लेटच पाहिजे. मी उजव्या हातात पेन धरतो आणि डावा गोळ्यावर ठेवतो. सोनोग्राफीच्या डॉक्टरांसारखंच.

दोन गोष्टी राहिल्या, त्या पटकन. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होत असेल तर तो मळ नव्हे, बटणाखालचा छोटा स्विच झिजलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा कोणताही चांगला मुलगा तो बदलून देतो, यंत्र फेकू नका. आणि मे महिन्यात लग्नांसाठी गावी जाताना सेल काढून ठेवा. मी एकदा विसरलो. अंमळनेरहून परत आलो तर सेल फुटून पांढरी पूड झालेली. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसलं, वाळवलं, तेव्हा चालू झालं.

आता ते दुसरं कारण. भाचीला शिरपूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, दोन्हीकडची बोलणी चालू. मी डॉक्टर म्हटल्याबरोबर ताईचा चेहरा बदलला. मला गॅलरीत नेऊन म्हणाली, "भाऊ, आत्ता नको. मुलीच्या हाताला काहीतरी आहे असं झालं तर? पट्टा बांधून फिरली तर चार जण विचारतील." मला राग आला, पण बोलता आलं नाही. आमचे आबा मिलमध्ये टेबल प्रिंटिंगला होते. दोघांनी मिळून स्क्रीनवरून रंग ओढायचा, स्क्रीन उचलायची, पुढे सरकवायची, दिवसभर. शेवटच्या वर्षांत त्यांना उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. टोपी डाव्या हातानं घालायचे. "हात भरून आला" एवढंच म्हणायचे, आणि ताई रोज रात्री तेल चोळून द्यायची. मिलमध्ये कळलं तर काम जाईल म्हणून तेही कोणाला सांगायचे नाहीत. मी ताईला एवढंच म्हटलं, "आबांना तेल तूच लावायचीस ना?" ती काही बोलली नाही. सोमवारी तिनंच नंबर लावला.

डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं. मनगटाचं सुरुवातीचं आहे, अंगठ्याची सूज वेगळी. रात्री मनगटाचा पट्टा, दिवसा अंगठ्याचा, तीन आठवडे पंचिंग बंद, मग हळूहळू. लवकर आलात म्हणाले. हातातलं काम तिनं दोन मैत्रिणींना वाटून दिलं, व्यापाऱ्यानं थोडी कुरकुर केली. पैसे अर्थातच कमी आले. त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही.

मुलाला तिनं स्वतः सांगितलं, व्हिडिओ कॉलवर पट्टा दाखवून. ताई दाराआड उभी होती. तो म्हणाला, माझ्या आईलाही रात्री मुंग्या येतात, तुम्ही कोणत्या डॉक्टरांकडे गेलात? बोलणी अजून चालू आहेत. ठरलं की कळवीनच, आपल्या मंडळाच्या मासिकात फोटो येईल.

अंगठ्याचा ट्रॅकबॉल मी परत आणला आणि माझा मधल्या गोळ्याचा तिला दिला. आता मी दुसरा घेईपर्यंत साधा माउस वापरतोय, मनगट आठवण करून देतंच आहे. रविवारी सकाळी तिचा फोटो येतो. पंचावर गोळा, शेजारी कापसाच्या तीन काड्या, आणि काड्यांच्या टोकांना त्या आठवड्यात खालच्या खात्यात जो दोरा चालला असेल त्याचा रंग. या रविवारी मोरपंखी होता.